माइक वेबस्टर

मायकल लुईस वेबस्टर (१८ मार्च, १९५२ – २४ सप्टेंबर, २००२) हे अमेरिकन फुटबॉलमधील एक नामवंत व्यावसायिक खेळाडू होते. नॅशनल फुटबॉल लीग अर्थात एनएफएल या स्पर्धेत ते १९७४ ते १९९० असे सतरा हंगाम सेंटर या जागेवर खेळले. त्यांपैकी पंधरा हंगाम ते पिट्सबर्ग स्टीलर्स या संघात व अखेरचे दोन हंगाम कॅन्सस सिटी चीफ्स या संघात होते. स्टीलर्सनी जिंकलेल्या चार सुपर बोल विजेतेपदांत त्यांचा सहभाग होता. चिवटपणामुळे चाहते त्यांना आयर्न माइक, म्हणजे पोलादी माइक, या नावाने ओळखत.

वेबस्टर यांचे नाव आज क्रीडेइतकेच वैद्यकाच्या इतिहासातही घेतले जाते. वयाच्या पन्नासाव्या वर्षी त्यांचा मृत्यू झाल्यानंतर झालेल्या मेंदूच्या तपासणीत क्रॉनिक ट्रॉमॅटिक एन्सेफॅलोपॅथी (संक्षेपाने सीटीई), म्हणजेच डोक्यावर वारंवार बसणाऱ्या आघातांमुळे होणाऱ्या दीर्घकालीन मेंदूविकाराच्या खुणा आढळल्या. एनएफएलमधील एखाद्या खेळाडूच्या मेंदूत या विकाराचे निदान झाल्याचे शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेले ते पहिलेच उदाहरण होय.

बालपण व शिक्षण

वेबस्टर यांचा जन्म अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातील टॉमाहॉक या लहान गावी झाला. राज्याच्या उत्तर भागातील हा प्रदेश जंगलांचा, तळ्यांचा आणि कडक हिवाळ्याचा. कुटुंबाची बटाट्याची शेती होती आणि मुलांना लहानपणापासून शेतावर राबावे लागे. घरात स्वास्थ्य नव्हते. माइक दहा वर्षांचे असताना आईवडील विभक्त झाले आणि त्यानंतर थोड्याच काळात राहते घर आगीत भस्मसात झाले. शेतीच्या कामांमुळे शाळेच्या संघातून खेळण्याची संधीही त्यांना उशिरा मिळाली. ऱ्हाइनलँडर येथील माध्यमिक शाळेच्या अखेरच्या दोन वर्षांतच ते फुटबॉल खेळू शकले. तरीही त्यांचा खेळ पाहून मॅडिसन येथील विस्कॉन्सिन विद्यापीठाने त्यांना प्रवेश दिला. विद्यापीठाच्या संघात ते सेंटर म्हणून खेळले आणि मध्यपश्चिम भागातील विद्यापीठांच्या बिग टेन या गटातील उत्तम सेंटर अशी त्यांची ख्याती झाली.

व्यावसायिक संघांच्या निवडकर्त्यांना मात्र त्यांच्या शरीरयष्टीविषयी शंका होती. सुमारे १.८५ मीटर उंची आणि ११५ किलोच्या आसपास वजन हे सामान्य माणसाला भरभक्कम वाटेल, परंतु त्या जागेसाठी ते कमीच समजले जाई. त्यामुळे १९७४ च्या वार्षिक निवड प्रक्रियेत त्यांचे नाव पाचव्या फेरीपर्यंत मागे राहिले आणि एकूण १२५ व्या क्रमांकावर पिट्सबर्ग स्टीलर्सनी त्यांना घेतले. त्याच वर्षी त्याच संघाने लिन स्वॉन, जॅक लॅम्बर्ट आणि जॉन स्टॉलवर्थ यांचीही निवड केली होती. हे चौघेही पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेले. एका संघाच्या एका वर्षाच्या निवडीतून एवढे फळ हाती लागल्याचे दुसरे उदाहरण या खेळात सापडत नाही.

सेंटरचे काम

भारतात फुटबॉल म्हटले की पायाने चेंडू खेळण्याचा खेळ डोळ्यांपुढे येतो. अमेरिकन फुटबॉल हा त्याहून सर्वस्वी निराळा, रग्बीच्या कुळातील खेळ आहे. त्यात दोन्ही संघांचे धिप्पाड गडी एकमेकांसमोर ओणवे होऊन रांगेत उभे राहतात. चढाई करणाऱ्या संघाच्या रांगेत अगदी मधोमध जो असतो तो सेंटर. जमिनीवरचा चेंडू दोन पायांमधून मागे उभ्या असलेल्या क्वार्टरबॅकच्या हाती सोपवणे हे त्याचे पहिले काम. या क्रियेला स्नॅप म्हणतात आणि तिच्यापासूनच प्रत्येक डाव सुरू होतो. चेंडू हातातून सुटताक्षणी त्याच अवस्थेतून पुढे झेपावून समोरच्या गड्याला अडवणे हे दुसरे काम. म्हणजे एक हात चेंडूत गुंतलेला असतानाच त्याच्यावर धडक येऊन आदळते. चेंडू घेऊन धावणाऱ्याकडे किंवा तो झेलणाऱ्याकडे प्रेक्षकांचे लक्ष असते. सेंटरकडे सहसा कोणी पाहत नाही आणि त्याच्या नावावर गुणही चढत नाहीत.

या रांगेतील धडकांचे स्वरूप लक्षात घेतल्यावाचून वेबस्टर यांच्या आयुष्याचा उत्तरार्ध नीट समजत नाही. मैदानाच्या मोकळ्या भागात वेगाने धावणारे दोन खेळाडू एकमेकांवर आदळतात तेव्हा ती टक्कर सर्वांना दिसते. रांगेतील गड्यांची डोकी मात्र जवळजवळ प्रत्येक डावात एकमेकांवर आपटतात. एका सामन्यात असे साठ-सत्तर डाव होतात आणि सरावातील टकरी वेगळ्याच. वेबस्टर यांच्या उमेदीच्या काळात समोरचा बचावपटू उघड्या तळव्याने शिरस्त्राणाच्या बाजूवर जोरदार थप्पड मारून अडवणाऱ्याला गोंधळवून टाकत असे. १९७७ मध्ये एनएफएलने नियम करून ही थप्पड बंद केली. अडवणाऱ्या गड्याला हात पूर्ण लांबवून तळव्यांनी ढकलण्याची मुभा १९७८ पासून मिळाली. तोपर्यंत खांदा आणि डोके हीच त्याची मुख्य हत्यारे होती, आणि अंगवळणी पडलेली रीत नियम बदलला म्हणून एका दिवसात सुटत नाही.

शिरस्त्राणाविषयीही एक गैरसमज आढळतो. टणक शिरस्त्राण कवटी फुटण्यापासून वाचवते. कवटीच्या आत द्रवात तरंगणारा मऊ मेंदू मात्र डोक्याची गती एकाएकी थांबली किंवा वळली की आतल्या आत हिंदकळतो, आणि ते शिरस्त्राणाला रोखता येत नाही. असा धक्का तीव्र असेल तर भोवळ, विस्मरण, डोळ्यांपुढे अंधारी, क्वचित बेशुद्धी अशी लक्षणे दिसतात. यालाच कन्कशन म्हणतात. क्रिकेटमध्ये २०१९ पासून कन्कशन झालेल्या खेळाडूऐवजी बदली खेळाडू घेण्याची मुभा मिळाल्यामुळे हा शब्द मराठी वाचकांनाही परिचित झाला आहे. सौम्य धक्क्यांना तर अशी काही बाह्य लक्षणेही नसतात. ते मोजले जात नाहीत आणि खेळाडू पुढच्या डावाला उभा राहतो.

पिट्सबर्गमधील कारकीर्द

सुरुवातीच्या दोन हंगामांत वेबस्टर अनुभवी सेंटर रे मॅन्सफिल्ड यांच्याबरोबर आळीपाळीने खेळत. १९७६ मध्ये ती जागा पूर्णपणे त्यांची झाली. आकाराने लहान असण्याची उणीव त्यांनी ताकद, चपळाई आणि अभ्यास यांनी भरून काढली. वजने उचलण्याचा व्यायाम त्या काळी सर्वच संघांत रूढ नव्हता. वेबस्टर मात्र त्यासाठी दिवसचे दिवस घालवत आणि १९८० मध्ये फुटबॉलपटूंमधील सर्वांत बलवान खेळाडू ठरवण्यासाठी घेतलेली स्पर्धा त्यांनी जिंकली. प्रशिक्षक चक नोल यांच्या डावपेचांत रांगेतील गड्यांना झटपट बाजूला सरकून दुसऱ्याच प्रतिस्पर्ध्याला अडवावे लागे. त्यासाठी वेबस्टर यांच्यासारखा चपळ सेंटर अगदी योग्य होता.

त्यांच्या दोन सवयी चाहत्यांच्या विशेष लक्षात राहिल्या. डावाची आखणी करून खेळाडू पांगले की इतर जण चालत रांगेकडे जात, वेबस्टर धावत जात. पराभव समोर दिसत असतानाही त्यांची ही धाव कधी मंदावली नाही. दुसरी सवय उघड्या दंडांची. पिट्सबर्गच्या गोठवणाऱ्या थंडीतही त्यांच्या सदऱ्याच्या बाह्या दंडापर्यंत घट्ट चढवलेल्या असत. प्रतिस्पर्ध्याला कापड धरून ओढता येऊ नये हा त्यामागचा व्यावहारिक हेतू होता. त्याचा दरारा निर्माण व्हायचा तो वेगळाच.

१९७४, १९७५, १९७८ आणि १९७९ या हंगामांत स्टीलर्स विजेते ठरले. त्या काळी पिट्सबर्गमधील पोलादाचे कारखाने एकामागून एक बंद पडत होते आणि हजारो कामगार बेकार होत होते. अशा वेळी पोलादावरूनच नाव घेतलेला हा संघ शहराचा मोठा आधार बनला. शेतकऱ्याच्या घरातून आलेला, बोलण्यात साधा आणि दुखापत बाजूला सारून कामाला लागणारा वेबस्टर यांच्यासारखा खेळाडू त्या कामगारवस्त्यांना आपल्यातलाच वाटला यात नवल नाही.

पहिल्या बारा हंगामांत ते सलग १७७ सामने खेळले. १९८६ मध्ये कोपराचा सांधा निखळल्यामुळे चार सामने हुकले तेव्हाच ही मालिका खंडित झाली. नऊ वर्षे ते आक्रमक फळीचे कर्णधार होते. वर्षातील सर्वोत्तम खेळाडूंच्या प्रो बोल या सामन्यासाठी त्यांची नऊ वेळा निवड झाली. स्टीलर्सकडून त्यांनी एकूण २२० सामने खेळले आणि तो त्या वेळी संघाचा विक्रम होता. १९८८ च्या हंगामानंतर संघाने त्यांना मुक्त केले. कॅन्सस सिटी चीफ्सनी त्यांना प्रथम प्रशिक्षक म्हणून घेतले होते, परंतु लवकरच ते पुन्हा खेळाडू म्हणून मैदानात उतरले आणि आणखी दोन हंगाम खेळले. १९९१ च्या मार्च महिन्यात २४५ सामन्यांनंतर त्यांनी निवृत्ती जाहीर केली. त्या वेळी ते एकोणचाळीस वर्षांचे होत होते.

कारकिर्दीत झालेल्या दुखापतींची यादी लांबलचक आहे. गुडघे, पाठ, खांदे, बोटे असा शरीराचा कोणताही भाग सुटला नव्हता. डोक्याच्या दुखापतींची मात्र वेगळी नोंद कोणी ठेवली नाही. टक्कर बसून डोळ्यांपुढे काजवे चमकणे ही त्या काळी दुखापत मानलीच जात नसे. डोके झटकून पुन्हा उभे राहणारा खेळाडू कौतुकास पात्र ठरे आणि वेबस्टर त्यात सर्वांच्या पुढे होते.

निवृत्तीनंतरचा काळ

निवृत्तीनंतर अल्पावधीतच त्यांचे आयुष्य विस्कटू लागले. अंगदुखी सततची होती, परंतु खरा बदल स्वभावात आणि बुद्धीत झाला. शांत व कुटुंबवत्सल माणूस संतापी आणि संशयी बनला. सुरू केलेले काम पूर्ण होईना, बोलण्याचा धागा तुटू लागला, ओळखीच्या रस्त्यांवर वाट चुकू लागली. गुंतवणुकीत पैसा बुडाला, घर गेले, पुढे पत्नीपासून ते विभक्त झाले. काही काळ ते आपल्या मालवाहू मोटारीत, तर काही वेळा पिट्सबर्गच्या रेल्वे स्थानकावर झोपत असत. दुखणे आणि निद्रानाश असह्य झाला की विजेचा धक्का देणाऱ्या बंदुकीने स्वतःला झटके देऊन ते झोप आणत. पडलेले दात चिकटद्रव्याने पुन्हा बसवण्याचा प्रयत्नही त्यांनी केला. वह्याच्या वह्या भरतील एवढी पत्रे त्यांनी लिहिली. काही ओळी सुसंगत, मग मध्येच असंबद्ध, असे त्यांचे स्वरूप आहे. शेवटच्या वर्षांत तरुण मुलगा त्यांच्यासोबत राहून त्यांची देखभाल करत होता.

१९९७ मध्ये ओहायो राज्यातील कँटन येथे हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा समावेश झाला. स्टीलर्सचे क्वार्टरबॅक टेरी ब्रॅडशॉ यांनी त्यांचा परिचय करून दिला आणि भर समारंभात, अंगावर सभेचा पोशाख असताना, वेबस्टर यांच्या मागे उभे राहून त्यांच्याकडून अखेरचा एक स्नॅप घेतला. उपस्थितांनी टाळ्यांचा कडकडाट केला. त्यानंतरचे वेबस्टर यांचे भाषण मात्र नेमून दिलेल्या वेळेपेक्षा कितीतरी लांबले आणि विषयावरून विषयावर भरकटत गेले. त्यांना जवळून ओळखणाऱ्यांना त्यामागचे कारण ठाऊक होते. इतरांना ते केवळ लांबलेले भाषण वाटले.

१९९९ मध्ये रिटालिन या औषधाच्या बनावट चिठ्ठ्या केल्याबद्दल त्यांच्यावर खटला भरण्यात आला. लक्ष एकाग्र करण्यासाठी आणि दैनंदिन व्यवहार जेमतेम पार पाडण्यासाठी ते हे औषध घेत असत. त्यांनी आरोपाला आव्हान दिले नाही. न्यायालयाने तुरुंगवास न देता त्यांना पाच वर्षांच्या देखरेखीखाली ठेवले.

अपंगत्व भत्त्याचा दावा

वेस्ट व्हर्जिनिया राज्यातील वकील बॉब फिट्झसिमन्स यांनी वेबस्टर यांचे प्रकरण हाती घेतले, चार डॉक्टरांकडून त्यांची तपासणी करवून घेतली आणि एनएफएलच्या खेळाडू निवृत्ती निधीकडे अपंगत्व भत्त्यासाठी अर्ज केला. हा निधी चालवणाऱ्या मंडळात तीन प्रतिनिधी संघमालकांचे आणि तीन खेळाडूंच्या संघटनेचे असतात. वेबस्टर यांच्या मेंदूचा पुढचा भाग वारंवारच्या आघातांनी निकामी झाला आहे, असा डॉक्टरांचा निष्कर्ष होता. मंडळाने स्वतः नेमलेल्या डॉक्टरांनीही त्याला दुजोरा दिला.

मंडळाने १९९९ मध्ये वेबस्टर यांना कायमचे व पूर्ण अपंग ठरवले. या अपंगत्वाचे कारण फुटबॉल खेळताना डोक्याला झालेल्या दुखापती हेच आहे, हेही त्याने लेखी मान्य केले. वाद उरला तो तारखेचा. निवृत्तीच्या वेळीच, म्हणजे १९९१ मध्ये, खेळाडू अपंग झालेला असेल तर त्याला मोठा भत्ता मिळे. अपंगत्व नंतर हळूहळू आले असेल तर रक्कम बरीच कमी होई. मंडळाने १९९६ हे वर्ष धरून कमी दराचा भत्ता मंजूर केला. मधल्या वर्षांत वेबस्टर यांनी अधूनमधून काही कामे केली होती, असा त्याचा आधार होता. ती कामे किती दिवस टिकली आणि कशी संपली हे पाहिले असते तर त्यातूनच उलट निष्कर्ष निघाला असता.

वेबस्टर यांच्या हयातीत हा वाद मिटला नाही. त्यांच्या मृत्यूनंतर वारसांनी मेरीलँडमधील संघराज्यीय जिल्हा न्यायालयात दावा दाखल केला आणि २००५ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. मंडळाच्या स्वतःच्या डॉक्टरांचेही मत १९९१ कडेच निर्देश करत असताना ते डावलण्यास पुरेसे कारण नव्हते, असे न्यायालयाने ठरवले. डिसेंबर २००६ मध्ये अपील न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांनी हा निकाल एकमताने कायम केला. कुटुंबाला पंधरा लाख डॉलरहून अधिक रक्कम मिळाली.

या प्रकरणातील १९९९ चे पत्र मात्र दीर्घकाळ दुर्लक्षित राहिले. एनएफएलने नेमलेली वैद्यकीय समिती पुढची अनेक वर्षे या खेळाने मेंदूची कायमची हानी होत असल्याचे नाकारत होती. त्याच काळात निवृत्ती मंडळाच्या दप्तरात नेमकी तीच गोष्ट मान्य केल्याचा कागद पडून होता. २०१२-१३ मध्ये पत्रकारांच्या शोधातून ही विसंगती व्यापक प्रमाणावर लोकांसमोर आली.

मृत्यू व मेंदूची तपासणी

२४ सप्टेंबर, २००२ रोजी पिट्सबर्ग येथील रुग्णालयात हृदयविकाराने वेबस्टर यांचे निधन झाले. शवविच्छेदनाचे काम ॲलेगेनी परगण्याच्या मृत्युन्वेषण कार्यालयातील बेनेट ओमालू या तरुण डॉक्टरांकडे आले. ओमालू मूळचे नायजेरियाचे होते आणि मेंदूच्या विकृतिशास्त्राचे प्रशिक्षण घेतलेले होते. अमेरिकन फुटबॉलविषयी त्यांना फारशी माहिती नव्हती. टेबलावरील देह कोणाचा आहे याचे त्यांना दडपण नव्हते, ही या प्रकरणातील एक दैवाची गोष्टच म्हणावी लागेल. दूरचित्रवाणीवर वेबस्टर यांच्या उत्तरायुष्याविषयी त्यांनी ऐकले होते आणि अशा माणसाचा मेंदू बिघडलेला दिसेल अशी त्यांची अपेक्षा होती.

प्रत्यक्षात मेंदू वरून निरोगी दिसत होता. त्याचा आकार आक्रसलेला नव्हता, ठळक जखमांचे व्रण नव्हते. मृत्यूचे कारण हृदयविकार हे स्पष्ट असल्याने तपासणी तेथेच थांबवता आली असती. ओमालू यांनी वरिष्ठ अधिकारी सिरिल वेक्ट यांच्या परवानगीने मेंदू रसायनात जतन करून ठेवला, त्याचे पातळ काप करवून घेतले आणि त्यांचा खर्च स्वतःच्या खिशातून केला. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांना टाऊ नावाच्या प्रथिनाचे गोळे व गुंतवळे दिसले. निरोगी मज्जापेशीत हे प्रथिन पेशीच्या आतील बारीक नळ्यांना आधार देते. आघातांनी ते सुटे होऊन साचू लागले की पेशींचे काम मंदावते आणि कालांतराने त्या मरतात. अल्झायमरच्या रोगातही टाऊ साचते, पण वेबस्टर यांच्या मेंदूतील त्याची मांडणी त्या रोगाशी जुळत नव्हती आणि पन्नास हे वयही त्या रोगाच्या मानाने लवकरचे होते.

मुष्टियोद्ध्यांमध्ये असा विकार होतो हे वैद्यकाला पूर्वीपासून माहीत होते. न्यू जर्सीतील हॅरिसन मार्टलँड यांनी १९२८ मध्ये ठोसे खाऊन भ्रमिष्ट झालेल्या मुष्टियोद्ध्यांच्या लक्षणांचे वर्णन केले होते. ब्रिटनमध्ये १९७३ साली कॉर्सेलिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी पंधरा निवृत्त मुष्टियोद्ध्यांच्या मेंदूंचा तपशीलवार अभ्यास प्रसिद्ध केला होता. शिरस्त्राण घालून खेळल्या जाणाऱ्या फुटबॉलमध्येही तेच घडत असेल, याचा पाठपुरावा मात्र झाला नव्हता.

ओमालू यांनी पिट्सबर्ग विद्यापीठातील रोनाल्ड हॅमिल्टन आणि स्टीव्हन डिकोस्की या तज्ज्ञांना हे काप दाखवले. त्या दोघांनी व इतर सहकाऱ्यांनी मिळून लिहिलेला लेख न्यूरोसर्जरी या नियतकालिकात जुलै २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. लेखात खेळाडूचे नाव दिलेले नव्हते.

वाद

एनएफएलने १९९४ मध्ये मेंदूच्या सौम्य इजांविषयी एक समिती नेमली होती. तिचे अध्यक्ष एलियट पेलमन हे संधिवाताचे तज्ज्ञ होते. व्यावसायिक खेळाडूंमध्ये दीर्घकालीन मेंदूहानीचा पुरावा दिसत नाही, अशा आशयाचे लेख या समितीने त्याच नियतकालिकात मालिकारूपाने प्रसिद्ध केले होते. ओमालू यांचा लेख येताच समितीच्या तीन सदस्यांनी संपादकांना दीर्घ पत्र लिहिले. निदान चुकीचे आहे, तेव्हा लेख मागे घ्यावा किंवा त्यात मूलभूत सुधारणा करावी, अशी त्यांची मागणी होती. हे पत्र २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. लेख मागे घेतला गेला नाही. त्याच वर्षी ओमालू यांनी दुसरे उदाहरण प्रसिद्ध केले. ते होते स्टीलर्सचेच माजी खेळाडू टेरी लाँग यांचे. लाँग यांनी २००५ मध्ये आत्महत्या केली होती. पुढे आंद्रे वॉटर्स आणि जस्टिन स्ट्रेल्झिक यांच्या मेंदूंतही तशाच खुणा आढळल्या. २००७ मध्ये एनएफएलने शिकागो येथे या विषयावर परिषद भरवली, परंतु ओमालू यांना निमंत्रण दिले नाही. त्यांचे निष्कर्ष त्यांचे सहकारी व शल्यचिकित्सक ज्युलियन बेल्स यांनी तेथे मांडले.

दुसऱ्या बाजूची भूमिकाही नोंदवणे आवश्यक आहे. एका मेंदूवरून सर्व खेळाडूंविषयी निष्कर्ष काढता येत नाही, हा आक्षेप शास्त्रीयदृष्ट्या अयोग्य नव्हता. वेबस्टर यांच्या मेंदूतील बदलांचे ओमालू यांनी केलेले वर्णन आजच्या निकषांशी पुरते जुळत नाही, असे मत काही विकृतिशास्त्रज्ञांनी नंतर मांडले. हे निकष तज्ज्ञांच्या बैठकीत २०१५ मध्ये ठरले. त्यांनुसार मेंदूच्या घड्यांच्या तळाशी, सूक्ष्म रक्तवाहिन्यांभोवती साचलेले टाऊ ही या विकाराची मुख्य खूण मानली जाते. निश्चित निदान अद्यापही मृत्यूनंतरच करता येते.

पुढील घडामोडी

बोस्टन विद्यापीठातील ॲन मॅकी यांच्या गटाने २००८ पासून मेंदूदानाच्या आधारे हा अभ्यास मोठ्या प्रमाणावर हाती घेतला. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पाहणीत एनएफएलच्या १११ माजी खेळाडूंपैकी ११० जणांच्या मेंदूंत सीटीई आढळला. हा आकडा वाचताना एक गोष्ट विसरता कामा नये. लक्षणे दिसलेल्या खेळाडूंचेच कुटुंबीय सहसा मेंदू दान करतात. त्यामुळे सर्व खेळाडूंमधील प्रमाण एवढेच असेल असे यावरून म्हणता येत नाही, आणि हे त्या संशोधकांनीही नमूद केले आहे.

ऑक्टोबर २००९ मध्ये अमेरिकन संसदेच्या प्रतिनिधिगृहाच्या न्यायविषयक समितीने एनएफएलच्या प्रमुखांची जाहीर सुनावणी घेतली. तंबाखू कंपन्यांनी धूम्रपानाचे दुष्परिणाम नाकारले त्या इतिहासाशी तेथे एनएफएलच्या भूमिकेची तुलना झाली. त्या वर्षाच्या अखेरीस जुन्या समितीचे नेतृत्व बदलले. कन्कशनची लक्षणे दिसलेल्या खेळाडूला त्याच दिवशी पुन्हा मैदानात उतरवू नये आणि पुढेही स्वतंत्र डॉक्टरांच्या संमतीखेरीज खेळवू नये असा दंडक आला. नंतरच्या वर्षांत शिरस्त्राणाच्या माथ्याने धडक देण्यावर निर्बंध आले आणि सरावातील टकरींची संख्या करारानेच मर्यादित करण्यात आली. मार्च २०१६ मध्ये एनएफएलच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने संसदेच्या समितीपुढे फुटबॉल व सीटीई यांचा संबंध मान्य केला. वेबस्टर यांच्या मृत्यूला तेव्हा तेरा वर्षे उलटून गेली होती.

हजारो माजी खेळाडूंनी एकत्रितपणे केलेल्या दाव्यात २०१३ मध्ये ७६.५ कोटी डॉलरची तडजोड ठरली. न्यायाधीशांना ही रक्कम अपुरी वाटल्याने तिच्यावरील मर्यादा काढण्यात आली. सुधारित तडजोडीला २०१५ मध्ये मान्यता मिळाली आणि अपिले संपून ती २०१७ च्या जानेवारीत अमलात आली. तिच्यातील अटींप्रमाणे १ जानेवारी, २००६ पूर्वी मरण पावलेल्या खेळाडूंचे वारस सर्वसाधारणपणे भरपाईस पात्र ठरत नाहीत. ज्यांच्या मेंदूपासून या साऱ्याला सुरुवात झाली ते वेबस्टरही त्यामुळे या तडजोडीच्या बाहेरच राहिले.

सन्मान व चित्रण

एनएफएलच्या पंच्याहत्तराव्या वर्षानिमित्त १९९४ मध्ये, तसेच शंभराव्या हंगामानिमित्त २०१९ मध्ये निवडलेल्या सार्वकालिक सर्वोत्तम संघांत वेबस्टर यांचा समावेश आहे. मार्क फाइनारू-वाडा व स्टीव्ह फाइनारू या पत्रकार बंधूंच्या लीग ऑफ डिनायल (२०१३) या पुस्तकाची सुरुवात त्यांच्याच कहाणीपासून होते. त्यावर आधारित माहितीपटही त्याच वर्षी दूरचित्रवाणीवर दाखवला गेला. २०१५ मध्ये प्रदर्शित झालेल्या कन्कशन या चित्रपटात ओमालू यांची भूमिका विल स्मिथ यांनी, तर वेबस्टर यांची भूमिका डेव्हिड मोर्स यांनी केली आहे. वेबस्टर यांचा ५२ हा क्रमांक स्टीलर्सनी औपचारिकरीत्या निवृत्त केलेला नाही, परंतु त्यांच्यानंतर तो कोणत्याही खेळाडूला दिलेला नाही.